दोन्हीकडून मीच

सायकल आणि मोटार यांची टक्कर झाली तर जास्त सुरक्षित कोण, या विषयावर आमच्या इमारतीत माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही. बाकीचे ऐकीव बोलतात. मी त्या टकरीत होतो. दोन्हीकडून मीच होतो.

सुरुवातीपासून सांगतो.

माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकानात मी सायकलने जातो आणि सायकलनेच परत येतो. मोटार आमच्यात बायकोची. ती चालवायची, मी शेजारी बसायचो आणि ती ओरडली की पट्टा लावायचो. गाडी मलाही येते, पण ती असताना कधी वेळच आली नाही. उंचीने ती माझ्या खांद्याच्याही खाली. सीट पार पुढे ओढून, वर उशी टाकून, नाक स्टिअरिंगला टेकेल अशी बसायची आणि भलेभले ट्रकवाले बाजूला करायची. फक्त गाडी मागे घेताना तिची आणि माझ्या सायकलची हटकून गाठ पडायची. सायकलच्या मागच्या मडगार्डवर जेवढे पोचे आहेत तेवढे सगळे तिचे. आणि वर मलाच म्हणायची, "मधे उभी करताच कशाला?"

मागच्या वर्षी ती गेली. आजारपणात गेली. त्याबद्दल मला धड लिहिता येत नाही, तेव्हा ते राहू दे.

पण तेव्हापासून मला घरात बसवत नाही. खुर्चीत बसलो की उठतो. पेपर उघडतो, मिटतो. गॅस बंद आहे का ते बघून येतो; बंदच असतो, कारण पेटवलेलाच नसतो. म्हणून संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की मी सायकल घेऊन हिंडतो. कुठे म्हणाल तर कुठेच नाही. पाय चालू असले की डोकं जरा गप्प राहतं.

असाच हिंडत असताना एका टॅक्सीच्या आरशाने माझ्या कोपराला हात लावला. मी फुटपाथवर बसलो, उठलो, घरी आलो. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. फक्त शेजारच्या वकीलसाहेबांना सांगितली. आणि वकीलसाहेबांनी फक्त माझ्या मुलीला सांगितली.

रविवारी सकाळी मुलगी आणि जावई दारात हजर.

"बाबा, सायकल बंद," मुलगी चपला काढता काढता म्हणाली. शरीरयष्टी आईची, आवाजही आईचा.

"का? सायकलने कुणाचं काय घोडं मारलंय?"

"घोडं नाही, बाबा, माणूस मरतं," जावई म्हणाले. आमचे जावई कारखान्यात मशीन डिझाइन करतात, त्यामुळे कुठलीही गोष्ट ते टेबलावर मांडून दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांनी चहाचा भरलेला कप पुढे ओढला. "हा कप म्हणजे मोटार. हा चमचा म्हणजे सायकल. मोटारीत माणसाच्या भोवती सगळीकडून पत्रा असतो. सायकलवर काय असतं? काही नाही. सायकलवर बंपर म्हणजे तुम्हीच. आता बघा टक्कर."

त्यांनी कप जोरात चमच्यावर ढकलला. चमचा टेबलावरून उडाला आणि खाली जाऊन टण्णकन वाजला. कपातला चहा उसळून जावयांच्या पँटवर सांडला.

मी चमचा उचलून उजेडात धरला. दुकानातल्या सवयीने खालून, वरून, बाजूने पाहिला.

"चमच्याला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "गाडीत बसलेला मात्र सगळा बाहेर आला."

मुलीला हसू आलं होतं, पण तिने ते गिळलं. मग ती खिडकीशी गेली आणि खाली पार्किंगमध्ये बघत म्हणाली, "आईची गाडी नुसती धूळ खात उभी आहे. तुम्ही ती वापरत का नाही?"

"वापरतो की."

"कधी?"

"धूळ पुसतो."

"पुढच्या रविवारी जेवायला आमच्याकडे या. गाडीने या," ती म्हणाली. "आलात तर गाडी राहिली, सायकलचं पण बघू. नाही आलात, तर गाडी कुणाला तरी देऊन टाकायची, आणि सायकल मी वॉचमनला देणार. एकदा तुम्हाला रस्त्यावरून उचलून आणलं ना, तर मला नाही सहन व्हायचं, बाबा. वर्षात दोन वेळा नाही."

चमचा अजून माझ्या हातात होता, पण आता त्याचा उपयोग नव्हता. मी तो टेबलावर ठेवला.

पुढचा आठवडा मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. सायकल गेली तर मी चार भिंतींत येडा होणार हे नक्की होतं. आणि गाडी? बायकोने गाडी शेवटची लावली, चावी खुंटीला अडकवली, त्यानंतर त्या गाडीत कुणी बसलेलं नव्हतं. मी दार उघडून वाकून आतलं पुसायचो. सीट तशीच पुढे, उशी तशीच, आरसा तिने लावला होता तसा. ती आता येऊन बसेल अशी सगळी तयारी होती. अशी गाडी कुणाला देऊन टाकतात का? दुकानात मी एका बाईला तिच्या नवऱ्याचा चष्मा दिला आणि नवऱ्याला तिचा. दोघंही बरं दिसतंय म्हणून निघून गेली, हा माझ्या नशिबाचा भाग.

रविवार उजाडला. इस्त्रीचा शर्ट घालून मी खाली उतरलो. सायकल नेहमीप्रमाणे गाडी आणि खांब यांच्या मधे उभी होती. ती हलवल्याशिवाय ड्रायव्हरचं दार उघडत नाही. मी ती उचलली आणि एक मिनिटभर म्हणून गाडीच्या मागे स्टँडवर लावली.

ते मिनिट पुढे फार लांबलं. कारण आता मला त्या सीटवर बसायचं होतं.

सीट मागे सरकवायचा खटका खाली असतो, हे मला माहीत आहे. एक बोट लागतं. मी लावलं नाही. मोठी काच छोट्या फ्रेममध्ये बसवताना आम्ही जी युक्ती करतो तीच केली: आधी एक कोपरा, मग दुसरा, मग डोळे मिटून दाब. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले. डोकं छताला टेकलं. हनुवटी हॉर्नवर यायला लागली तशी मी मान तिरकी केली. उशीसुद्धा काढली नव्हती.

आरशात पाहिलं. आरसा तिच्या डोळ्यांच्या उंचीचा. मला त्यात मागची सीट दिसली आणि सीटवर तिची छत्री. आरशाचा कोन म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, सगळा जन्म त्यातच गेला. बोटभर वर केला असता तर मागचं अख्खं पार्किंग दिसलं असतं. पण त्यावर तिच्या बोटांचे ठसे असतील, असं काहीतरी माझ्या मनात आलं. म्हटलं, मागे काय असणार आहे? रिकामंच तर आहे.

मेकॅनिकने शनिवारी सीटला हात न लावता नवी बॅटरी बसवून दिली होती, त्यामुळे गाडी सुरू झाली. मी रिव्हर्स टाकला.

खाड्.

कुणाला तरी उडवलं! मी ब्रेक दाबायला गेलो, पण गुडघाच हलेना, आणि पाऊल घसरून पडलं ते ॲक्सिलरेटरवर. गाडी मागे उडाली, तिरकी झाली आणि काहीतरी कुरकुरत भिंतीला टेकून बंद पडली. माझं कपाळ आरशाच्या शेजारी आदळलं, आणि उजवा गुडघा हॉर्नवर जाऊन रुतला तो रुतलाच. हॉर्न जो सुरू झाला तो थांबेना. बाजूचं दार खांबाला भिडल्यामुळे जेमतेम वीतभर उघडत होतं.

सगळी इमारत खाली आली.

"सायकलवाल्याला उडवलं!" वॉचमन ओरडत होता. "सायकल गाडीखाली आहे!"

"पण सायकलवाला कुठे आहे?" कुणीतरी विचारलं.

"अहो, ही तर चष्मेवाल्यांची सायकल!" हा आवाज वकीलसाहेबांचा. "चष्मेवाले! चष्मेवाले, आवाज द्या!"

मी दिला. हॉर्नपुढे कुणाला ऐकू जाणार? माणसं खाली वाकून गाडीखाली मला शोधत होती. एकाने भिंतीपलीकडेही डोकावून पाहिलं; मी तिथवर उडालो असेन अशी त्याची समजूत. आणि वकीलसाहेब फोन कानाला लावून ओरडताना मला ऐकू आले, "ताई, धीर धरा. मोटारीने बाबांच्या सायकलला धडक दिलीय. नाही, बाबा सापडत नाहीयेत. शोधतोय आम्ही."

तेवढ्यात वॉचमन तावातावाने दाराशी आला आणि त्याने काचेवर मूठ आपटली. "म्हाताऱ्या माणसाला उडवतो आणि वर हॉर्न वाजवतो? उतर खाली, तुझी..." मग त्याने आत पाहिलं. "साहेब? तुम्ही? मग खाली कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग सायकलवर कोण होतं?"

"नेहमी मीच असतो," मी म्हणालो.

वकीलसाहेब आले. वकिली सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, पण वकिलीने त्यांना सोडलेलं नाही. "म्हणजे धडक देणारे तुम्ही, धडक खाणारेही तुम्ही," ते दाराच्या फटीतून म्हणाले. "सायकल चुकीच्या जागी लावणं, हा निष्काळजीपणा. न बघता मागे येणं, हाही निष्काळजीपणा. माझं ऐका, कोर्टाबाहेर मिटवा."

"आधी मला बाहेर काढा. आणि पोरीला फोन करून सांगा मी जिवंत आहे."

"केला. उचलत नाहीये ती." मग त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "अहो, सीट मागे घ्या ना."

"नाही घेणार."

"खटका खाली असतो."

"माहितीये."

"मग ओढा."

"नाही ओढणार. आणि तुम्हीही हात लावायचा नाही."

वकीलसाहेबांनी मागे वळून गर्दीला सांगितलं, "डोक्याला मार लागलाय." गर्दीने मान हलवली. पलीकडच्या दाराने वॉचमन हात आत घालायला बघत होता, त्याच्या हातावर मी चापट मारली. तेव्हा सगळ्यांची खात्रीच पटली.

आणि तेवढ्यात फाटकातून एक सायकल वाकडीतिकडी होत आत आली. जावई चालवत होते. कॅरिअरवर माझी मुलगी, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात नाही. जावयांच्या गाडीसमोर कुणीतरी ट्रक लावून ठेवला होता, म्हणून शेजाऱ्याची सायकल उचलून निघाले होते.

सायकल थांबायच्या आतच ती उतरली आणि धावली. आधी खाली पडलेल्या माझ्या सायकलपाशी गेली. तिथे उभी राहिली. तिचा तो चेहरा मला मागच्या वर्षीपासून माहीत आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात होता तोच.

मी काचेतून हात हलवला. हॉर्न चालूच होता.

ती पलीकडच्या दाराने आत आली. रडायच्या बेतात होती, ओरडायच्याही. "बाबा, सीट मागे का नाही घेत? सगळे सांगतायत ना?"

तिने सीटकडे पाहिलं. उशीकडे पाहिलं. मग मान वळवून आरशात पाहिलं, मागची छत्री पाहिली.

"ही आईची सीट आहे," ती म्हणाली. "तशीच."

"हो."

"असे बसून येणार होता तुम्ही माझ्याकडे?"

"जवळच तर आहे."

तिने दाराबाहेर तोंड काढून सांगितलं, "कुणी खटक्याला हात लावायचा नाही. अहो, तुम्ही इकडून या, बाबांना काखेत धरा आणि ओढा."

जावयांनी बाटलीचं बूच उपसावं तसं मला उपसलं. पँट फाटली. हॉर्न थांबला आणि इतकी शांतता झाली की सगळेच अवघडले.

मग मुलगी सरकून त्या सीटवर बसली. उशीवर बरोबर मावली. पाय ब्रेकला पोचले, नाक स्टिअरिंगशी. आरशात पाहून म्हणाली, "मला सगळं दिसतंय, बाबा." आणि गाडी अलगद पुढे घेतली.

पाहणी झाली. गाडीचा मागचा दिवा फुटला होता, बंपर लोंबत होता. माझ्या कपाळावर टेंगूळ, दोन्ही गुडघे सुजलेले. सायकल उभी केली. मडगार्डवर एक नवा पोचा. बाकी घंटीसुद्धा वाजत होती.

"बघितलंत?" मी जावयांना म्हणालो. "टकरीत सायकलवाल्याला खरचटलंसुद्धा नाही."

"कारण तो मोटारीत होता, बाबा," जावई म्हणाले. त्यांना दम लागला होता. कॅरिअरवर बायको घेऊन आले होते.

त्यावर मुलीने निकाल दिला. गाडी ती नेणार, सीट आहे तशी राहणार, आणि दर रविवारी ती मला न्यायला येणार. सायकल माझ्याकडे राहणार, पण हँडलला आरसा लावायचा. तो मी लावला. कोन अगदी अचूक आहे.

आता रविवारी मी शेजारच्या सीटवर बसतो. ती ओरडली की पट्टा लावतो.

फक्त ती यायच्या आधी सायकल जिन्याने वर नेऊन घरात ठेवतो. पोरगी गाडी चांगली चालवते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आरसा तिच्या आईचा आहे, आणि त्या आरशात माझी सायकल आजवर एकदाही दिसलेली नाही.