बेकु-बेडा अक्का

गंगाक्का कुणाच्या घरी गेल्या की बसत नसत. आधी टेबलाचा खण ओढत.

मल्लेश्वरममध्ये आम्ही त्यांच्याकडे भाड्यानं राहायला आलो तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचा खण जमिनीवर पालथा केला आणि एकेक वस्तू माझ्या नाकासमोर धरली. "बेकु? का बेडा?" म्हणजे हवं का नको! मी पुण्याची, मला कुठलं कानडी कळायला? मी गप्प. गप्प बसलं की त्या 'बेडा' धरत. ह्यांचा नवा कोरा मफलर गेला ना त्यात!

घरमालकीण पडल्या, बोलायची सोय नाही. वर आणि "खण म्हणजे पोट गं. तुंबलं की माणूस आजारी!" हे ऐकवायच्या. अंगणात त्यांची चप्पल वाजली की मी खण आवरायला धावायचे. हे कारखान्यात इंजिनियर, साहेबाला उलट उत्तर देऊन येणारे. पण अक्का दिसल्या की तारांचे तुकडे आणि स्क्रू तांदळाच्या डब्यात खुपसायचे. एकदा भातात स्क्रू निघाला. "अहो, दात पडला असता माझा!" मी ओरडले. तर हे म्हणतात, "हळू बोल, ऐकतील."

मग डिसेंबरात अक्का न्हाणीघरात घसरल्या. उजवा हात मोडला, गळ्यात बांधला, तरी स्वस्थ बसतील तर शपथ! मला बोलावून म्हणाल्या, "आज माझं कपाट. तू दाखव, मी सांगते. स्वल्प भरभर."

त्यांचं कपाट आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मी भीत भीत एकेक काढत गेले. बेडा, बेडा, बेडा! दारात कपड्यांचा ढीग झाला. सगळ्यात खालच्या खणात एकच वस्तू होती, तान्ह्या बाळाची कुंची.

"अक्का, ही?"

त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "इरली."

मला 'विरली' ऐकू आलं. कापड होतंच विरलेलं. टाकली ढिगात. दुपारी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली आणि ढीग घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलवालीनं टोपली आमच्या कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाली, "बुट्टी इल्ले इरली." मी ह्यांना विचारलं, "इरली म्हणजे काय हो?"

दाढी करता करता हे म्हणाले, "राहू दे."

म्हणजे कुंची ठेवायची होती! तशीच तिथल्या शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात गेले, दोन तास गाठोडी उपसली. कुंच्या सापडल्या, ती नाही. येताना बसमध्ये एकच धास्ती, आज आपलं सामान रस्त्यावर. तशीच अक्कांच्या दारात जाऊन उभी राहिले. कसंबसं सगळं सांगितलं.

त्या उठल्या. डाव्या हातानं खालचा खण ओढला आणि बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

"पाच महिन्यांचा होता," त्या म्हणाल्या. "तेवढी एक टाकवली नाही गं मला."

मला रडू फुटलं. त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले आणि चक्क भीत भीत मलाच विचारलं, "कुणाच्या तरी लेकराला बसली असेल ना गं? थंडी फार आहे."