वरच्या मजल्याचा बंदोबस्त

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा उपद्रव होतो, ही बाब अधीक्षकांच्या निदर्शनास प्रथम आली ती एका रविवारी सकाळी, छताचा पोपडा सुटून थेट त्यांच्या चहात पडला तेव्हा. त्यांनी पोपडा चमच्यानं बाहेर काढला, बशीत ठेवला आणि पत्नीला म्हणाले, "याची गंभीर दखल घ्यावी लागेल."

अधीक्षक एका मोठ्या कार्यालयातून निवृत्त झाले होते. खुर्ची सुटली होती, बाणा सुटला नव्हता. घरातली साखर संपली की ते 'साठा निरंक' म्हणत, आणि भाजीत मीठ जास्त झालं की पत्नीकडून खुलासा मागवत. खुलासा द्यायला ती तोंड उघडायची, तोवर त्यांचा अभिप्राय सुरू झालेला असे.

वरचा भाडेकरू स्पीकर दुरुस्त करायचा. दुरुस्त केलेला स्पीकर वाजवून बघावा लागतो, आणि तो वाजतोय हे मागच्या गल्लीत कळलं तरच दुरुस्ती पक्की, अशी त्याची समजूत होती. इमारतीनं त्याचं नाव दणका ठेवलं होतं. तो स्कूटर दुसऱ्याच्या जागेत लावी, सिगारेटची थोटकं खालच्या बाल्कन्यांत टाकी आणि कुणी बोलायला गेलंच तर दोन शब्दांत निकाल लावी.

अधीक्षक वर गेले. "आपल्या ध्वनीमुळे आमच्या छताची हानी होत आहे."

"बरं, मग?" दणका म्हणाला.

हा प्रश्न आजवर अधीक्षक समोरच्याला विचारत आले होते. तो स्वतःलाच विचारला गेला तर काय करायचं, याची नियमावलीत तरतूद नव्हती. ते खाली आले.

घरमालक दुसऱ्या शहरात राहत असे. अधीक्षकांनी त्याला फोन लावला.

"भिंतीत खिळे ठोकतो का तो?" मालकानं विचारलं.

"नाही. पण आवाज—"

"करारात खिळ्यांचं आहे, आवाजाचं नाही. खिळे ठोकत नाही म्हणजे माणूस सज्जन आहे. तुम्ही जरा जुळवून घ्या."

पोलीस चौकीवरच्या अंमलदारानं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि मुद्द्याला हात घातला. "माणूस भाडेकरू, घर मालकाचं. म्हणजे आवाज एकाचा आणि भिंती दुसऱ्याच्या. तुम्हाला त्रास नक्की कशाचा आहे, आवाजाचा की भिंतीचा?"

"आवाज भिंतीतून येतो."

"मग बांधकाम खात्यात जा."

बांधकाम खात्यानं आवाज हा बांधकामात मोडत नसल्याचं सांगून त्यांना ध्वनी नियंत्रण विभागात पाठवलं. या विभागाच्या खिडकीखाली जनरेटर होता. तिथल्या निरीक्षकानं कानामागे हात धरून सगळं ऐकून घेतलं आणि प्रत्यक्ष तपासणीचं आश्वासन दिलं. मात्र तपासणीला येणार हे उपद्रव देणाऱ्याला आधी कळवावं लागतं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होतो.

ठरल्या दिवशी निरीक्षक आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला. वर दणका हाताची घडी घालून बसला होता. एरवी कधी नव्हे ती चिमण्यांची चिवचिवसुद्धा ऐकू येत होती. अधीक्षक संतापले आणि त्यांनी प्रकरणाची पार्श्वभूमी, उपद्रवाचं स्वरूप, छताची अवस्था असं सगळं मुद्देसूद मांडायला सुरुवात केली. यंत्राचा काटा थरथरला आणि लाल पट्ट्यात गेला.

"बोला, बोला, थांबू नका," निरीक्षक वाकून काटा वाचत म्हणाला.

अहवाल आला. वरच्या मजल्यावर शांतता, खालच्या मजल्यावर आवाज मर्यादेबाहेर. संबंधितांस समज द्यावी. अधीक्षकांनी अहवाल मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा पत्नीला नेमका ठसका लागला आणि ती आत निघून गेली.

दुसरा कुणी असता तर त्यानं हात टेकले असते. अधीक्षकांनी इमारतीची बैठक बोलावली. तळमजल्यावरचा हिशेबनीस, समोरचा दंतवैद्य आणि बाकीची कर्ती मंडळी एका सुरात त्यांच्या बाजूनं बोलली. हिशेबनीसाची बायको दारातून म्हणाली, "राहू दे की. तसा काही वाईट नाही तो." हे विषयाला धरून नसल्यानं त्याची नोंद घेण्यात आली नाही. लिफ्ट सजीवांसाठी आहे, स्पीकर निर्जीव आहेत, सबब ते जिन्यानं न्यावेत, असा ठराव झाला. दणक्यानं काही दिवस कपाटाएवढे स्पीकर पाठीवर वाहिले. मग एका सकाळी टेम्पो आला. तो निघाला तेव्हा अधीक्षक त्याला म्हणाले, "शेवटी न्याय झाला." दणका म्हणाला, "बरं, मग?" आणि मागच्या गल्लीतल्या एका गाळ्यात राहायला गेला.

इमारतीत शांतता पसरली. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी. आणि मग टाचण्या पडू लागल्या. दंतवैद्य आईला औषधाच्या गोळ्यांवरून काय बोलतो, हे सगळ्यांना कळलं. हिशेबनीस बायकोला प्रत्येक वाक्यानंतर 'समजलं का?' विचारतो, हे जिन्यात ऐकू येऊ लागलं. अधीक्षकांनी एका सकाळी साखरेचा डबा, त्याचं झाकण आणि ते फिरवण्याची दिशा या विषयावर पत्नीला मार्गदर्शन केलं. संध्याकाळी हिशेबनीस जिन्यात थांबून म्हणाला, "झाकणाचं पटलं हं. आमच्या हिलाही ऐकवलं."

अधीक्षकांना हे आवडलं. आपलं बोलणं वाया जात नाही, याचं त्यांना समाधान वाटलं. ते जरा जास्तच बोलू लागले.

याच सुमारास पत्नी दुपारची बाहेर पडू लागली. "जरा जाऊन येते," एवढंच सांगायची. परतायची तेव्हा चेहरा असा निवांत असायचा, की जणू चार दिवस माहेरी राहून आली आहे. अधीक्षकांना संशय आला. ही बाब चौकशीयोग्य आहे असं ठरवून एके दुपारी ते तिच्या मागोमाग निघाले.

मागच्या गल्लीत एक पत्र्याचं शटर थरथरत होतं. ते अर्धवट उघडं होतं. अधीक्षकांनी वाकून पाहिलं. आत दणका एका स्पीकरला पेचकस लावत होता. भिंतीलगत रिकाम्या खोक्यांवर त्यांच्या इमारतीतल्या बायका बसल्या होत्या. हिशेबनीसाची बायको स्वेटर विणत होती. दंतवैद्याच्या आईला डुलकी लागली होती. आणि मधोमध, त्या दणदणाटात, त्यांची पत्नी डोळे मिटून बसली होती.

अधीक्षकांना बघून दणक्यानं आवाज बंद केला. दंतवैद्याची आई दचकून जागी झाली.

"या, काका. काकूंचा कान म्हणजे कमाल आहे. स्पीकर कुठं किंचित खरखरतो, ते बसल्या जागी सांगतात. मला यंत्रावरही कळत नाही ते."

"हिला? हिला हे कधीपासून कळायला लागलं?"

पत्नीनं डोळे उघडले. "एकच आवाज वर्षानुवर्षं ऐकला, की त्यातले बारकावे कळतात," ती सौम्यपणे म्हणाली.

"अगं, पण तुला या आवाजाचा त्रास होत होता ना? मी हा सगळा खटाटोप तुझ्यासाठी केला."

"अहो, मला विचारलं होतंत?"

अधीक्षकांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, सदर प्रकरणी सर्व बाबी विचारात घेता—"

"वाढव रे," पत्नी दणक्याला म्हणाली.

अधीक्षक बराच वेळ बोलत राहिले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. खोक्यांवरच्या बायका सवयीनं योग्य त्या जागी माना डोलावत होत्या. शेवटी ते घरी परतले, तर हिशेबनीस आणि दंतवैद्य आपापल्या दारात उभे होते. तिघांनाही खूप काही सांगायचं होतं. तिघांनी एकदमच सुरुवात केली.

तुमच्याही डोक्यावर असा एखादा भाडेकरू नांदत असेल, आणि हे वाचता वाचता तक्रारीचा मसुदा मनात तयारही झाला असेल. जरूर करा तक्रार. फक्त त्याआधी घरातल्या माणसाला विचारा, तुला त्याचा त्रास होतो का? आणि विचारून झालं, की उत्तर येईपर्यंत गप्प बसा. बघा जमतंय का.