दहा मिनिटांची शांतता

प्रगत परग्रहीय तंत्रज्ञान शोध कार्यालयात निरीक्षक बाईंना मंगळवारी दुपारी, डबा खाता खाता, परग्रहीय तंत्रज्ञान सापडलं. कार्यालय त्यासाठीच काढलेलं असलं तरी हे कुणालाच अपेक्षित नव्हतं, त्यामुळे जरा धावपळ झाली.

कानावरच्या यंत्रात तीन ठोके, मग थोडी उसंत, पुन्हा तीन ठोके. दाराशी आलेला सभ्य माणूस वाजवतो तसे. बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. उभी नोकरी आभाळाला कान लावण्यात गेली होती आणि घरी सासूबाई अजून विचारायच्या, "तू नक्की करतेस तरी काय गं?" आता सांगता येणार होतं.

"ठोके काय, कुठूनही येतील," साहेब म्हणाले. "शहरातल्या फोनांचा गोंगाट केवढा! नियम सांगतो, आधी दहा मिनिटं सगळे फोन बंद. तरीही ऐकू आले, तर खरे."

"साहेब, ठोके ज्या ताऱ्याकडून येतायत, तो शनिवारनंतर सूर्याआड जातोय. आणि महिनाअखेर आपलं कार्यालयच बंद होतंय."

"म्हणून तर शनिवारीच उरकून टाकू."

आवाहन निघालं आणि शहर भारावून गेलं. मानवजातीसाठी दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही, यावर एकमत झालं. मग डॉक्टरांना सूट मिळाली, ती योग्यच होती. डॉक्टरांना मिळाली म्हणून वकिलांनी मागितली, वकिलांना मिळाली म्हणून केस कापणाऱ्यांनी. उरलेल्यांचे फोन खरोखर बंद आहेत ना, हे पाहायला साहेबांनी नियंत्रण कक्ष उघडला. कक्षातून एकेकाला फोन लावायचा आणि लागला तर कारवाई करायची. शिवाय ज्याने फोन बंद केला, त्याने तसं तत्काळ फोनवरून कळवणं बंधनकारक होतं.

"अहो, पण बंद फोनवरून कळवणार कसं?" बाईंनी विचारलं.

"मग पुरावा नको? उद्या कुणी नुसताच बंद ठेवून मोकळा होईल!"

बाईंनी कपाळाला हात लावला.

शनिवारी भोंगा वाजला. बाईंनी डोळे मिटून कान लावला, आणि काय कल्लोळ उसळला म्हणून सांगू! नियंत्रण कक्ष सगळ्यांना फोन लावत होता. लोक 'फोन बंद केला' असं उत्साहाने कळवत होते, बंद फोनाचा फोटो दुसऱ्या फोनने काढून गावभर पाठवत होते, आणि शेजाऱ्याचा चालू दिसतोय अशी तक्रार करत होते. त्या सगळ्याखाली कुठेतरी ठोके होते. एक ऐकू आला, मग तोही बुडाला. "थांबा हो, जरा थांबा," बाई रडवेल्या होऊन पुटपुटल्या. ताऱ्याला की शहराला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

एवढ्यात त्यांच्या पर्समधला फोन खणखणला. नवरा होता.

"अगं, फोन बंद केलास ना? म्हटलं, गडबडीत विसरशील."

"आणि तुमचा?"

"माझा बंदच होता की! तुला लावायला तेवढा चालू केला."

बाई फोनकडे बघत राहिल्या. सासूबाईंना मध्येच काही झालं तर, म्हणून त्यांनी आपला एकटीचा चालू ठेवला होता. एकाने काय होतंय, असं त्यांना वाटलं होतं.

मोहीम यशस्वी झाल्याचं साहेबांनी वर कळवलं. फोन बंद असल्याचं कळवणारे शहराच्या लोकसंख्येहून जास्त भरले होते. एवढ्या शांततेतही ठोके ऐकू आले नाहीत, त्याअर्थी ते नव्हतेच, असा निष्कर्ष निघाला आणि कार्यालयाला ठरल्याप्रमाणे कुलूप लागलं.

"सापडलं का गं काही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

बाई आता घरीच असतात. भेटेल त्याला विचारतात, त्या शनिवारी तुमचा फोन बंद होता का? सगळ्यांचा बंद होता. "लोकच असे, काय करणार!" म्हणून सगळे हळहळतात, आणि हळहळता हळहळता खिशातला फोन काढून बघतात.

तुम्हीही आत्ता हळहळलात ना? बरं वाटलं. आता बघून घ्या एकदा, कुणाचा मेसेज आलाय का.