विद्वांस काका आणि शंभराची तार

आमच्या समोरच्या दारातले विद्वांस काका भेटल्यावर "कसं काय?" विचारत नाहीत. "किती येतंय?" विचारतात. शनिवार पेठेत मी नवा राहायला आलो, तेव्हा जिन्यातच त्यांनी मला हा प्रश्न टाकला. मला वाटलं, पाण्याचं विचारताहेत.

"सकाळी बरं येतं. दुपारी करंगळीएवढी धार," मी म्हणालो.

"नळाचं नाही हो. इंटरनेटचं. स्पीड!" आणि "कठीण आहे" असं पुटपुटत ते खाली उतरले.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी तारा ओढण्यात गेल्यामुळे बिनतारी गोष्टींवर त्यांचा मनापासून संशय. "हवेवर माझा विश्वास नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टीव्हीवर इंटरनेटचे कार्यक्रम दाखवणारी ती छोटी काळी डबी असते ना, तिलाही त्यांनी वायर लावली होती. राउटर आतल्या खोलीत, टीव्ही बाहेर. त्यामुळे एक निळी वायर स्वयंपाकघरातून, देव्हाऱ्याच्या वरून, बाथरूमच्या दाराला वळसा घालून बाहेर यायची. दारात उभ्या पाहुण्याला पहिली सूचना मिळे, "ओलांडा. तुडवू नका."

एका रविवारी सकाळी काका माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"जोशी, तार खोटं बोलतेय."

झालं होतं असं, की डबीला वायर लावली की स्पीड चौऱ्याण्णव दाखवत होता आणि वायर काढून वायफायवर टाकली की दोनशे ऐंशी. मला यातलं काही कळत नाही. मी आपलं सरळ म्हणालो, "मग वायर काढून टाका. मोठा आकडा चांगलाच की."

"ब्लडप्रेशरचा मोठा आकडा चांगला असतो का?"



मग काका तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन नवी वायर घेऊन आले. पुन्हा चौऱ्याण्णव. मग तिच्याहून भारी. तरी चौऱ्याण्णव. शेवटी दुकानदारच म्हणाला, "काका, यापुढे वायर नाही. दोरी देऊ का?"

तेव्हा कुठे त्यांनी इंटरनेट कंपनीच्या माणसाला बोलावलं आणि साक्षीदार म्हणून मला. त्यानं डबी उलटसुलट करून पाहिली.

"लाइन ओके आहे काका. या डबीचं वायरचं पोर्टच शंभरचं आहे. मागून कितीही सोडा, यातून शंभरच्या आतच येणार. वायफायला ती लिमिट नाही."

"म्हणजे हवेला मोकळं रान आणि तारेला बोळ?"

"तसंच."

"का पण?"

"ते बनवणाऱ्याला माहीत. पण तुम्हाला शंभर भरपूर झाले."

काकांनी हे शेवटचं ऐकलंच नाही. ज्या तारेवर आयुष्य काढलं, तिनंच दगा दिल्यासारखे ते तिच्याकडे बघत होते. त्या माणसाची पाठ वळताच त्यांनी वायर गुंडाळली आणि माळ्यावर टाकली.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "जोशी, जरा येऊन बसा. आता हवेवर चालवतोय. अडकतं का तेवढं बघा. मला टीव्हीकडे बघायला होत नाही."

टीव्ही लावून टीव्हीकडे बघायला होत नाही म्हणजे काय, हेही मला कळलं नाही. आत गेलो. सोफ्यावर काकू बसल्या होत्या. हल्ली त्यांना फारसं आठवत नाही, एवढं मला ठाऊक होतं. टीव्हीवर शाळेच्या गॅदरिंगमध्ये सातआठ वर्षांची मुलगी कथक करत होती.

"आमची मुग्धा," काका म्हणाले. "कॅनडात असते. जुन्या कॅसेटवरून तिनंच हे इंटरनेटवर चढवलंय. ही रोज बघते."

ते मात्र काकूंकडेच बघत होते. काकूंची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती.

आणि चित्र अडकलं. मुग्धा एक हात वर करून तशीच उभी, मधे ते चक्र फिरतंय. काकूंची बोटं थांबली.

"अहो, थांबली ती! पुढचं विसरली. सगळे हसतील हो तिला!" त्या धडपडत उठल्या. आवाज रडवेला.

"काकू, ते नेट जरा..." मी सुरुवात केली. काकांनी हातानंच मला गप्प केलं. लेंगा जरा वर ओढला, टीव्हीशेजारी जाऊन उभे राहिले आणि पाय आपटायला लागले.

"ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्..."

काकू बघत राहिल्या. मग हळूच खाली बसल्या.

"पाय चुकतोय तुमचा."

"मग ताल धर ना नीट."

काकूंनी टाळी धरली. मागे चित्र कधीच सुरू झालं होतं. मी ते सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी स्टुलावर चढून मी माळ्यावरची वायर काढली. आम्ही दोघांनी ती पुन्हा लावली. स्पीड चौऱ्याण्णवच. पण तेव्हापासून मुग्धा एकदाही अडकलेली नाही. कमी आकड्याची तार जास्त आकड्याच्या हवेपेक्षा चांगली कशी, हे मला अजून समजलेलं नाही. काकांनी दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा जास्त गोंधळ झाला.

आता न अडकणाऱ्या नाचासाठी काकांनी उठायची काही गरज नाही. तरी संध्याकाळी समोरून पाय आपटल्याचा आवाज येतो, आणि मागोमाग काकूंचा, "अहो, परत चुकलात!"