निकमतात्यांचा तिसरा गिअर

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. सोळा वर्षं मी ती लपवली, आणि त्यातली शेवटची चार वर्षं तर अक्षरशः तिच्यावर हात ठेवून बसलो.

निकमतात्यांच्या गाडीत पुढे बसणाऱ्याला काम असतं. वेग वाढला की तात्या हुकूम सोडतात, "तिसरा धरा." मग आपण गिअरचा दांडा दाबून धरायचा. नाहीतर तिसरा सटकतो आणि ती जुनी, अवाढव्य एसयूव्ही भर रस्त्यात नुसतीच घुरघुरत राहते. थेरगावच्या आमच्या सोसायटीतले निम्मे लोक हे काम शिकलेत. मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा तात्यांनी मुलालाही पुढेच बसवलं. परत आल्यावर म्हणाले, "पोरगा ठीक आहे. डांगे चौकापर्यंत सुटू दिला नाही."

आम्ही दोघं चाकणच्या एकाच कारखान्यात होतो. ते गिअर कापायच्या मशीनवर, मी तपासणीत. म्हणून आजही मला हाक मारतात ती "काय क्वालिटीवाले" अशी. चार वर्षांपूर्वी गाडी घेतली तीही सेकंडहँड, पण आपले गिअर जिच्यात बसतात तीच; हा त्यांचा हट्ट. त्यामुळे काहीही बिघडलं तरी दोष गिअरबॉक्सचा नसतो. क्लचप्लेट दोनदा बदलली, इंजिनाची माउंटिंग बदलली, तीन तऱ्हेची ऑइलं पाजून झाली. अस्लम मेकॅनिक हात जोडून म्हणाला, "तात्या, एकदा गिअरबॉक्स खोलू द्या. दात गेलेत आतले."

"दात तुझे जातील. माल आपला आहे."

गेल्या महिन्यात तळेगावहून येताना मी दोन्ही हातांनी धरलेला तिसरा सुटला आणि पुन्हा काही पडेना. मागे ट्रकवाल्याने हॉर्न धरला. तात्या सावकाश उतरले, त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "वाजव, वाजव. हॉर्नने गिअर पडत असता तर मीच वाजवला असता."

गाडी ढकलून कडेला घेतल्यावर मी म्हणालो, "आता खोलूच या. खर्च मी करतो."

"खर्चाचं नाही हो." ते दाराला टेकले. एवढा वेळ चढलेला आवाज एकदम उतरला. "खोलला की गिअर मऊ निघणार. मला कळत नाही का? आणि मऊ निघाला की जुनी मंडळी म्हणणार, भट्टीवर वाघमारे होता."

वाघमारे म्हणजे गिअर भट्टीत कडक करणारा आमचा सोबती. बावीस वर्षं तात्यांनी त्याच्याबरोबर एका डब्यात जेवण केलं. तो जाऊन आता पाच वर्षं झाली.

"तो काय उत्तर द्यायला येणार आहे?" तात्या म्हणाले. "त्यापेक्षा मी धरतो की तिसरा. मरेपर्यंत धरीन."

गाडीचं वर्ष बघून मला पहिल्याच दिवशी संशय आला होता, तरी मी गप्प राहिलो होतो. आता राहवेना.

"तात्या, वाघमारेने काही केलं नव्हतं. भट्टी नीट तापली नाही हे त्यालाच कळलं होतं. त्याने तो अख्खा लॉट बाजूला काढून नापासाचा लाल टॅग लावला होता. महिनाअखेर होती, ट्रक भरायला उभा होता. टॅग मी काढला. न तपासता पासचा शिक्का मारला."

तात्यांनी दाराला टेकलेली पाठ सरळ केली.

"त्याची माफी मागायची राहून गेली," मी म्हणालो. "तुमची मागतो. मला माफ करा."