गुडघाभर लाटेचा सर्फबोर्ड

"लाट म्हणजे शेवटी काय? लोडच ना, गाडीवर पडतो तसा!" निरंजन योगिनीला म्हणाला, आणि तिथून पुढे जे काही झालं त्याला तो एकटाच जबाबदार आहे.

पुनावळ्याच्या एका कॅफेत दोघं चौथ्यांदा भेटत होती. निरंजन दिघीचा, वय एकतीस, चाकणच्या कंपनीत डिझाइन इंजिनीअर. गाडीच्या पोटाखाली पत्र्याचे जे पोकळ भाग असतात, जे गाडीच्या मालकालासुद्धा जन्मात कधी दिसत नाहीत, ते हा गृहस्थ गेली आठ वर्षं कागदावर उतरवत होता. योगिनी मालवणच्या पलीकडची. नोकरी इथे आयटीत, पण सुट्टी मिळाली की गावी पळायचं आणि समुद्रात चक्क सर्फिंग करायचं! दोन्ही घरच्यांची पसंती झाली होती. निरंजन तर पहिल्याच भेटीत पार विरघळला होता. आता अडलं होतं ते फक्त योगिनीच्या होकारावर, आणि त्या विषयावर ती अवाक्षर काढत नव्हती.

त्या दिवशी ती बोलली, पण लाटांविषयी.

"पावसाळ्यात समुद्र इतका खवळतो की आत पाऊल टाकायची सोय नाही. आणि दिवाळीनंतर लाटा होतात एवढ्याशा! गुडघ्याएवढ्या. जीवच नसतो त्यांच्यात. माझा बोर्ड मोठ्या लाटांचा, तो त्यांच्यावर नुसता बसून राहतो."

"सोपंय. छोटी लाट, छोटा बोर्ड."

"उलट! मोठी लाट स्वतः ढकलते, तिथे सडपातळ बोर्ड चालतो. बारकी लाट ढकलतच नाही, मग बोर्डालाच तरंगावं लागतं. रुंद हवा, जाड हवा, आणि तळ सपाट हवा. मोठ्या लाटेत नाक पाण्यात घुसू नये म्हणून ते वर वळवलेलं असतं ना, तेच वळण बारक्या लाटेत ब्रेकसारखं लागतं."

निरंजनने वहीत सगळं टिपून घेतलं. मग पेन खिशाला लावून तो म्हणाला, "मी बनवतो तुझ्यासाठी. पंधरा दिवसांत."

"तुला पोहता येतं?"

"त्याचा इथे काय संबंध? हा डिझाइनचा प्रश्न आहे!"

योगिनी हसली. त्या हसण्यासाठी निरंजन विमानसुद्धा बनवायला तयार झाला असता.

सोमवारी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये त्याने लॅपटॉप उघडला आणि तीन पर्याय मांडले. पहिला, नऊ फुटी लांबलचक. दुसरा, माशाच्या शेपटीसारखं टोक असलेला. तिसरा, आखूड, गुबगुबीत आणि मागून रुंद. प्रत्येकाला तरंगण्याचे गुण, वेगाचे गुण, वळण्याचे गुण. अर्ध्या तासात टेबलाभोवती ही गर्दी! त्यांतल्या निम्म्यांनी समुद्र जन्मात पाहिलेला नव्हता, पण मत प्रत्येकाचं होतं. पेंट शॉपवाल्यांना लांब बोर्ड पाहिजे होता, कारण त्यावर नाव मोठं लिहिता येतं. टूल रूमचं म्हणणं, लांब बोर्ड पोरीच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मावणार नाही.

शेवटी तपासणी विभागाचे बबनराव पुढे झाले. बबनराव मूळचे तळवड्याचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि हातात जाडी मोजायचा व्हर्नियर असल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"आरं, ह्यो तिसरा घ्या," ते म्हणाले. "बसायच्या पाटावानी दिसतोय. पाट कदी कुनाला पाडत न्हाई."

अशा रीतीने साडेपाच फूट लांब, बावीस इंच रुंद, सपाट तळाचा गुबगुबीत बोर्ड बहुमताने निवडला गेला. आता तुम्हाला खरं सांगायचं तर निवड एकदम अचूक होती! योगिनी बोलली होती त्यातला शब्द न् शब्द त्यात उतरला होता. निरंजन इथेच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण बोर्ड हलका हवा म्हणून त्याने एरवी आत भरतात तो फोम काढून तो पोकळ केला. पोकळ केला म्हणून सवयीने कंपनीची चेकलिस्ट उघडली. त्यात सतरावं कलम होतं: 'बंद पोकळ भागाला पाणी निचरण्यासाठी भोकं दिली आहेत का?' नोकरीच्या पहिल्या वर्षी तो ही भोकं एकदा विसरला होता, तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर ड्रॉइंग भिरकावलं होतं. तेव्हापासून पोकळ वस्तू दिसली की त्याचा हात आपोआप भोक काढायचा. त्याने पंधरा एमएमची दोन भोकं काढली, टिक केली आणि समाधानाने सही ठोकली.

भोसरीत शफीचा फायबरचा कारखाना होता. बसच्या सीटा, पाण्याच्या टाक्या, वॉटर पार्कच्या घसरगुंड्या, सगळं तो बनवायचा. ड्रॉइंग बघून त्याने डोकं खाजवलं.

"निरंजनभाऊ, एक विचारू? ही तळाला दोन भोकं कशाला?"

"आत पाणी साचू नये म्हणून."

"पण भाऊ, चारी बाजूंनी बंद आहे. आत पाणी येणार कुठून?"

"येतं, शफीभाई! आठ वर्षांचा अनुभव आहे. पाणी कुठूनही येतं."

"मग एकच ठेवू का?"

"एकाने निचरत नाही. एकातून हवा शिरते, तेव्हा दुसऱ्यातून पाणी निघतं."

शफीने आणखी एकदा डोकं खाजवलं आणि चहा मागवला. शिकलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही हा त्याचा धंद्याचा नियम होता. आठ दिवसांत बोर्ड तयार झाला. काय देखणा झाला होता! पिवळाधमक, तुकतुकीत, कडेने लाल पट्टी.

तेवढ्यात योगिनीचा फोन आला. "बाबा येतायत रविवारी, आंब्याच्या पेट्या घेऊन. तुला बघायचंय त्यांना. आणि बोर्ड झाला असेल तर तोही बघू. मग मी सांगते काय ते."

मग मी सांगते काय ते! निरंजनने हे वाक्य रात्रंदिवस घोकलं. होकार त्या पिवळ्या बोर्डावर उभा राहून येणार, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नाही. समुद्र लांब होता, पण शफीने घसरगुंड्या दिलेल्या वॉटर पार्कमध्ये लाटांचा तलाव होता, आणि लाटा नेमक्या गुडघाभर! मॅनेजर शफीच्या ओळखीचा. रविवारी सकाळी गर्दी व्हायच्या आत लाटा सोडण्याचा पहिला भोंगा यांच्यासाठी वाजवायचं ठरलं.

आणि असा तो बघण्याचा कार्यक्रम वॉटर पार्कमध्ये पार पडला. निरंजनची आई, सावित्रीबाई, पैठणी नेसून प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर पोह्यांचा डबा.

"काय करायलास रे हे?" तिने लेकाला विचारलं. "तिकडं आमच्या लातूरला पोरगी चहा घेऊन येती. इथं पोरगी पाण्यात अन् पोरगा चड्डीवर!"

"आई, नियम आहे. नायलॉनचेच कपडे लागतात."

योगिनीचे वडील रंगराव काठावर हाताची घडी घालून उभे होते. उभा जन्म होडीत गेलेला माणूस. त्या तलावाकडे ते असे बघत होते, जसं कुणी त्यांना चमचाभर आमटी वाढून जेवा म्हटलं असावं. शफी होता. बबनरावही होते, व्हर्नियर आणि घड्याळासकट, कारण पहिल्या नगाची तपासणी त्यांच्याशिवाय होऊच शकत नव्हती.

भोंगा वाजला. लाटा सुरू झाल्या. योगिनी बोर्डावर पालथी झाली, दोन हात मारले, आणि उभी राहिली!

काय सांगू! त्या मरतुकड्या लाटेवर तो बोर्ड असा सुटला की योगिनीने आनंदाने किंकाळी फोडली. भिंतीपासून पायरीपर्यंत सरळ! सावित्रीबाईंनी पोह्यांचा डबा वाजवला. रंगरावांची घडी सुटली.

"ह्यो पाट न्हाई, घोडाय घोडा!" बबनराव ओरडले.

निरंजनच्या डोळ्यांत पाणी आलं. पत्रिकेवर कोणता रंग छापायचा इथपर्यंत तो पोचला.

दुसऱ्या लाटेला बोर्ड जरा सावकाश निघाला. तिसऱ्या लाटेला त्याने मधेच विचार बदलला. चौथी लाट आली तेव्हा योगिनी उभी होती, पण बोर्ड दिसत नव्हता. ती पाण्यातच उभी असल्यासारखी वाटत होती, आणि हळूहळू बुटकी होत चालली होती!

"निरंजन!" ती ओरडली. "हा खाली चाललाय!"

निरंजनला पोहता येत नव्हतं हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला मात्र त्या क्षणी ते आठवलं नाही. त्याने धाडकन उडी मारली. पाणी छातीभर होतं, पण घाबरलेल्या माणसाला छातीभर पाणी पुष्कळ होतं. त्याने बोर्ड धरला, बोर्डाने त्याला धरलं, आणि दोघं मिळून तळाला गेले. जीवरक्षकाची शिट्टी वाजली, आईची हाक आली, आणि योगिनीने त्याचा दंड पकडून त्याला उभा केला.

सगळ्यांनी मिळून बोर्ड काठावर आणला आणि उभा धरला. खालच्या भोकातून ही धार लागली! वरच्या भोकातून व्यवस्थित हवा शिरत होती. धार थांबेपर्यंत बबनरावांनी घड्याळावरची नजर हलवली नाही.

"एक मिनिट चाळीस सेकंद," मग त्यांनी जाहीर केलं. "निचरा वक्के."

रंगरावांनी भोकात बोट घालून पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "होडयेक भोक? ह्यां कोणी केल्यान?"

शफीने निरंजनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भला माणूस! तो पुढे आला. "काका, माझ्याकडून चुकून—"

निरंजन गारठला होता, नाकातून पाणी गळत होतं. शफीच्या मागे लपायला जागा चांगली होती. आणि योगिनी बघत होती.

"शफीभाईने दोनदा विचारलं होतं, काका," तो म्हणाला. "मीच ऐकलं नाही. ड्रॉइंग माझं, भोकं माझी, सही माझी. चूक माझी आहे. आणि मला पोहताही येत नाही."

झालं! संपलं सगळं! सावित्रीबाईंनी डब्याचं झाकण लावून टाकलं. निरंजन खाली मान घालून आपल्या पायांजवळचं डबकं बघत राहिला. इतकं वाईट त्याला साहेबांनी ड्रॉइंग भिरकावलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

योगिनी आधी ओठ दाबून हसत होती. मग तिला ते दाबता येईना. ती पायरीवर बसून पोट धरून हसली, रंगराव हसले, शफी हसला, आणि कशाला ते न कळता सावित्रीबाईही हसल्या.

"चार भेटींत तुला सगळं येत होतं," ती शेवटी डोळे पुसत म्हणाली. "मला भीतीच वाटायची, या माणसाबरोबर जन्म कसा काढायचा! आज पहिल्यांदा तू 'चुकलं' म्हणालास. बाबा, माझ्याकडून हो."

निरंजनला ते दोनदा सांगावं लागलं. डब्याचं झाकण परत उघडलं. बबनरावांनी पोह्यांची पहिली बशी उचलली. निरंजन हवेत तरंगत होता, आणि तरंगता तरंगता त्याच्यातला इंजिनीअर शुद्धीवर आला.

"योगिनी, ती दोन भोकं बुजवली ना, की हाच बोर्ड एकदम—"

"नवरा हाच," योगिनी पोहे खात म्हणाली. "बोर्ड मी गोव्याहून मागवते."