पुढचा कामकाजाचा दिवस

कोणतेही यंत्र घेताना ते कसे चालते यापेक्षा ते बंद पडल्यावर कोण येते, हे पाहणे महत्त्वाचे असते. माणसांच्या बाबतीतही आपण हेच पाहतो. फक्त लग्न ठरवताना तसे बोलून दाखवत नाही. आमच्या पूल देखभाल कार्यालयाने एका लॅपटॉपच्या निवडीत हे तत्त्व ज्या निष्ठेने पाळले, तिला तोड नाही. निवड समितीचा सचिव या नात्याने मी त्याचा साक्षीदार आहे आणि त्याबद्दल मिळालेले प्रशस्तिपत्रक सध्या लॅमिनेशनला गेले आहे.

आमच्याकडे शहरातले एकसष्ट पूल आहेत आणि ते तपासायला एक बाई आहेत. (मंजूर पदे चार. उरलेली तीन रिक्त असून त्यांच्याबद्दल एकही तक्रार नाही.) बाई म्हणजे तपासणी अभियंता. वय सत्तेचाळीस, चाल भरभर, आवाज पुलाखालून वर ऐकू येईल असा. शिडीने खाली उतरायचे, हातोडीने ठोकून तुळईचा आवाज ऐकायचा, तडा दिसला की मोजायचा आणि उभ्याउभ्या लॅपटॉपवरच्या अर्जात भरायचा, हे त्यांचे काम. लॅपटॉप नऊ वर्षांचा होता. वजन चार किलो. कार्यालयात त्याला 'शिळा' म्हणत. नऊ वर्षे ही शिळा खांद्याला लावून शिड्या चढल्यावर एका सकाळी बाईंचा उजवा हात वेणी घालायलाही वर जाईना. हाडांच्या डॉक्टरांनी लिहून दिले : दोन किलोच्या वर वजन उचलू नये.

बाईंनी अर्ज केला. तो तीन ओळींचा होता. "हलका लॅपटॉप हवा. उन्हात पडदा दिसायला हवा. बिघडला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला माणूस यायला हवा."

एवढ्या तोकड्या अर्जावर निर्णय घेणे बेजबाबदारपणाचे ठरले असते. सबब समिती नेमण्यात आली. अध्यक्ष मोठे साहेब, सदस्य विधी सल्लागार व भांडारपाल, सचिव मी. बाईंना समितीत घेतले नाही. ज्याला वस्तू वापरायची असते त्याचे मत तिच्याबद्दल कलुषित असते, हे उघड आहे. आम्हा चौघांपैकी कुणीच डब्यापेक्षा जड काही उचलत नसल्यामुळे आमची तटस्थता मात्र वादातीत होती.

पहिले दोन महिने वजनात गेले. तीन कंपन्यांनी नमुन्यादाखल एकेक लॅपटॉप पाठवला होता. तिन्ही माहितीपत्रकांत वजन सव्वा किलोच्या आत आणि त्या आकड्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी. विधी सल्लागारांनी त्या चांदणीचा माग शेवटच्या पानापर्यंत काढला. तिथे 'वजन बदलू शकते' एवढेच लिहिले होते. कधी बदलते, का बदलते, काही नाही. मोठ्या साहेबांना शंका आली की अहवाल भरत गेल्यावर यंत्र जड होत असणार. शंका साहेबांची असल्याने प्रयोग झाला. आवक-जावक विभागाच्या काट्यावर रिकामा लॅपटॉप ठेवला, मग त्यात साहेबांची अकरा वर्षांतली सगळी भाषणे भरून पुन्हा ठेवला. काटा तसूभरही हलला नाही. (हा निष्कर्ष आदरापोटी इतिवृत्तात घेतलेला नाही.)

मग समिती विक्रीनंतरच्या सेवेकडे वळली. हे काम भांडारपालांकडे आले. बत्तीस वर्षांच्या सेवेत मागणीचिठ्ठीशिवाय टाचणीही न दिलेला हा माणूस. कंपन्यांवर विश्वास ठेवण्याचा धोका त्यांच्याकडून संभवत नव्हता. त्यांनी तिन्ही कंपन्यांच्या मदतक्रमांकांवर मिळून चाळीस फोन केले आणि पुढीलप्रमाणे नोंद केली :

पहिली कंपनी – सरासरी प्रतीक्षा एकोणतीस मिनिटे. संगीत श्रवणीय.

दुसरी कंपनी – यंत्राचा आवाज नऊ वेळा आकडे दाबायला लावतो आणि पुन्हा पहिल्या प्रश्नापाशी आणून सोडतो. (ही पद्धत आपल्या तक्रार कक्षात राबवता येईल का, याची विधी सल्लागारांनी स्वतंत्र टिपणी घेतली.)

तिसरी कंपनी – दुसऱ्या घंटेला फोन उचलतात. माणूस बोलतो.

तो माणूस म्हणजे एक ताई होत्या. समिती ताबडतोब सावध झाली.

"दुसऱ्या घंटेला उचलतात म्हणजे गिऱ्हाईकच नाही," मोठे साहेब म्हणाले.

"किंवा इतके बिघडतात की माणसं फोनला बांधूनच ठेवलीत," विधी सल्लागार म्हणाले.

दोन्ही मते परस्परविरुद्ध असल्याने दोन्ही ग्राह्य धरण्यात आली आणि ताईंची कसून चौकशी करावी असे ठरले. भांडारपाल रोज सकाळी साडेअकराला फोन लावू लागले.

"बोला, काय बिघडलंय?" ताईंनी पहिल्या दिवशी विचारले.

"काही नाही. अजून घेतलेला नाही."

"मग आधी घ्या ना, काका."

हे उत्तर अपूर्ण मानून भांडारपालांनी दुसऱ्या दिवशी हमीपत्रातल्या सातव्या कलमावर बोट ठेवले. "पुढच्या कामकाजाच्या दिवशी माणूस येईल असं लिहिलंय. कामकाजाचा दिवस म्हणजे कुणाच्या कामकाजाचा?"

"तुमच्याच. ज्या दिवशी तुम्ही काम करता, तो."

असा दिवस नेमका कोणता, हे ठरवण्यात समितीचे तीन आठवडे गेले.

पुढे पुलाखालचा प्रश्न आला. दुरुस्तीचा माणूस पुलाखाली उतरेल का? ताईंनी त्यांच्या साहेबांना विचारून सांगितले, "उतरेल. शिडी तुमची." लॅपटॉप पाण्यात पडला तर? "पडला तर चालेल, टाकला तर नाही." पडला की टाकला हे ओळखणार कसे? "विचारतो आम्ही, काका. लोक बहुतेक वेळा खरं सांगतात." अशा भाबड्या कंपनीला सरकारी यंत्र सोपवावे का, यावर दोन बैठका झाल्या.

असे सात महिने सुरळीत चालले असताना शिळा बंद पडली.

बाई ओढ्यावरच्या पादचारी पुलाखाली होत्या. पूल जुना. अलीकडे बसथांबा, पलीकडे शाळा आणि दवाखाना. तिसऱ्या खांबावरची तुळई चार बोटे सरकलेली त्यांना दिसली. त्या अर्ज भरू लागल्या तोच पडदा काळा झाला. बाई तशाच बसने कार्यालयात आल्या. आमची एकोणिसावी बैठक चालू होती. चपलांना ओढ्याचा चिखल, डावा हात उजव्या खांद्यावर दाबलेला.

"साहेब, ओढ्यावरचा पूल आजच बंद करायला हवा. तुळई सरकलीये. पोरं जातात त्याच्यावरून."

"अहवाल?" साहेबांनी हात पुढे केला.

"लॅपटॉप मेला. मी हातानं लिहून आणलंय, हे घ्या."

साहेबांनी तो कागद हळहळत पाहिला. अक्षर सुरेख होते. पण हस्तलिखित अहवाल चार वर्षांपूर्वीच्या परिपत्रकाने बंद झालेले आहेत.

"मग कुणाचा तरी संगणक द्या. तासाभरात भरते."

मला सचिव म्हणून खुलासा करावा लागला. गैरवापर टाळण्यासाठी हा अर्ज फक्त नोंदणीकृत तपासणी यंत्रावर उघडतो. नोंदणीकृत यंत्र एकच, शिळा.

"म्हणजे लॅपटॉप येईपर्यंत पूल पडायचा थांबेल?"

"बाई, आम्ही त्याच कामाला लागलोय," साहेब समजुतीने म्हणाले आणि विषयाचे गांभीर्य ओळखून त्यांनी विसावी बैठक एक दिवस अलीकडे घेतली.

बाई रागावतील असे मला वाटले होते. पण त्यांचा चेहरा हातोडीने ठोकून आवाज ऐकताना होतो तसा झाला. मग तो कागद घडी घालून ठेवून त्या निघून गेल्या.

त्या गेल्या सरळ पुलावर, आणि बसथांब्याच्या बाजूच्या तोंडाशी हात आडवा धरून उभ्या राहिल्या. (डावा.) पुलाला तोंडे दोन असतात आणि बाई एक, हे ध्यानात आल्यावर त्यांनी घरी फोन केला. सासरे आले. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, वय चौऱ्याहत्तर. येताना त्यांनी घडीची खुर्ची आणि वर्तमानपत्र आणले आणि पलीकडच्या तोंडाशी खुर्ची मांडून ते वाचत बसले.

"आजोबा, सरका की. कामाला उशीर होतोय."

"मला नाही होत. तुम्ही वरच्या मोठ्या पुलानं जा. दहा मिनिटं लागतात."

"पूल तुमच्या बापाचा आहे का?"

"सुनेचा आहे," मास्तर पान उलटत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला भांडारपालांनी नेहमीप्रमाणे फोन लावला. मी समोरच बसलो होतो आणि बोलणे इतिवृत्तासाठी स्पीकरवर होते. विषय होता, चार्जर हा लॅपटॉपचा भाग समजावा की सोबती. ताईंनी ऐकून घेतले.

"काका, एक विचारू? हा लॅपटॉप नक्की हवाय कुणाला?"

"आमच्या बाईंना."

"त्या कुठे आहेत आत्ता?"

भांडारपाल खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुलावर उभ्या आहेत. पूल पडायला आलाय. लोकांना अडवतायत."

"एकट्या?"

"सासरे आहेत सोबत."

"मग तुम्ही मला का फोन केलात?"

भांडारपालांनी फोन बंद केला. चष्मा पुसला. पुन्हा घातला. मग उठून भांडार उघडले आणि तांबडीपांढरी फीत दोन गुंडाळ्या, दोर एक, लाकडी अडसर चार, असे सामान हातगाडीवर घालून ते स्वतः ढकलत निघाले. मी त्यांना मागणीचिठ्ठीची आठवण करून दिली. त्यांनी मला जे उत्तर दिले ते इतिवृत्तात बसत नाही.

तिसऱ्या दिवशी, दुपारचे बारा वाजायला काही मिनिटे असताना, तिसऱ्या खांबावरची तुळई सुटली आणि पुलाचा मधला भाग ओढ्यात बसला. तेव्हा मास्तर बाळाची गाडी घेऊन आलेल्या एका आईला वाट समजावून सांगत होते. भांडारपाल दोर आवळत होते. बाई पाणी पीत होत्या. जीवितहानी, नाही. वित्तहानी, पूल एक. बाई अडसराला टेकून मटकन खाली बसल्या आणि मास्तरांनी पलीकडून जोरात हाक मारली, "सूनबाई, आहेस ना?" त्या "आहे" म्हणाल्या, पण आवाज पलीकडे पोचला नाही, म्हणून त्यांनी हात वर केला. सवयीने उजवा केला, आणि मग बराच वेळ रडल्या. खांद्यामुळेच, असे भांडारपालांनी मला सांगितले.

या घटनेनंतर कार्यालय खडबडून जागे झाले. बाईंना कारणे दाखवा नोटीस देण्यात आली : अहवाल दाखल नसताना चालू पुलावरील रहदारी कोणत्या अधिकारात अडवली? भांडारपालांना वेगळी नोटीस, फितीबद्दल. समितीनेही कात टाकली आणि अवघ्या एकोणीस दिवसांत तिसऱ्या कंपनीचा लॅपटॉप निवडला. कारण, 'संपर्काची सवय झालेली असल्याने.'

लॅपटॉप एक किलो शंभर ग्रॅमचा आला. विधी सल्लागारांच्या सूचनेनुसार हमी शाबूत राहावी म्हणून त्यासोबत मूळ खोके, चार्जर, जास्तीची बॅटरी, जलरोधक पेटी आणि हमीपत्राच्या तीन प्रती कायम बाळगायच्या होत्या. एकूण वजन चार किलो सहाशे. बाईंनी साहेबांच्या टेबलावरच खोके उघडले, लॅपटॉप बाहेर काढला, तो डाव्या हातात घेतला आणि बाकीचे तिथेच ठेवून त्या निघाल्या.

"हमीचं काय?" विधी सल्लागारांनी विचारले.

"बिघडला तर ताईंना फोन करीन," बाई म्हणाल्या.

त्यांनी पहिला अहवाल ओढ्यावरच्या पुलाचाच भरला. अर्ज तारीख आपोआप टाकतो. त्यामुळे पूल धोकादायक असल्याचे तो पडल्यानंतर तीन आठवड्यांनी आढळले, अशी नोंद झाली. अहवाल वस्तुस्थितीशी इतका तंतोतंत जुळल्याचे उदाहरण आमच्या दप्तरी दुसरे नाही आणि साहेबांनी तसा शेरा मारला आहे.

चौकशीची सुनावणी गेल्या आठवड्यात झाली. मास्तरांना साक्षीला बोलावले होते. उभे आयुष्य हजेरी घेण्यात गेलेला माणूस. बाईंच्या बाजूचे त्यांना विचारून, त्यांनी दोन्ही तोंडांवर आलेल्यांची नोंद वहीत ठेवली होती. एकूण आले चारशे बारा. त्यांपैकी 'पाटी कुठाय, कागद दाखवा' म्हणणारे दोनशे सहा. शिव्या देणारे सत्त्याण्णव. 'आमचा एकट्याचा भार किती तो' म्हणणारे चौपन्न. उभे राहून मोबाइलवर चित्रण करणारे बत्तीस. काही न बोलता मागे फिरून मोठ्या पुलाने गेलेले तेवीस. चौकशी अधिकाऱ्यांनी शहरात जाहीर आवाहन केले, की त्या तेवीस नागरिकांनी बाईंच्या बाजूने साक्ष द्यायला यावे.

आजवर चार हजार तीनशे जणांनी आपण त्या तेविसांतले असल्याचे कळवले आहे. तुमचे नाव अजून आलेले नाही. पण तुम्ही मनातल्या मनात स्वतःला त्यात धरून टाकले असल्याने ते आम्ही लिहून घेतले आहे.